अनोळखी प्रोग बँडचे अल्बम कसे शोधावेत

प्रोगची, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या प्रोग्रेसिव्ह रॉक-मेटल संगीताची चटक लागलेल्या माणसाची एक ठरलेली गोची होते. पिंक फ्लॉइड, ड्रीम थिएटर, ऑपेथ ऐकून संपतात आणि स्ट्रीमिंग ॲप ‘खास तुमच्यासाठी’ म्हणून पुन्हा त्यांनाच पुढे करतं. ॲपचा अंदाज इतरांनी काय ऐकलं यावर बराच चालतो. ज्याला मोजकेच श्रोते आहेत, तो बँड त्या हिशेबात येणार कुठून? त्याला आपणच हुडकायचं.

आधी स्वतःची आवड नीट ओळखा. लाडक्या अल्बममध्ये नेमकं काय भावलं ते एका ओळीत लिहून काढा. ‘मला प्रोग मेटल आवडतं’ हे उत्तर फार ढोबळ झालं. ‘मेलोट्रॉनचा (टेपवर रेकॉर्ड केलेले सूर वाजवणाऱ्या जुन्या कीबोर्डचा) धुकट आवाज’, ‘सात मात्रांच्या तालातही न अडखळणारे ड्रम’, ‘गुरगुरण्यातून अचानक उमटणारा मोकळा गळा’ असं काहीतरी हवं. पुढचा सगळा शोध या ओळीच्या आधारानं करायचा.

आता अल्बमची श्रेयनामावली उघडा. बहुतेक जण ती वाचतच नाहीत, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त माल तिथेच दडलेला असतो. ऑपेथच्या जुन्या अल्बमांवरचे ड्रम आवडतात? ते वाजवणाऱ्या मार्टिन लोपेझनं पुढे सोएन हा बँड उभा केला. त्यांचा पहिला अल्बम ‘कॉग्निटिव्ह’ २०१२चा. पोलंडच्या रिव्हरसाइडचा गायक-बासवादक मारिउश दुदा ‘लुनाटिक सोल’ या नावानं वेगळंच, काळोखं संगीत करतो. नॉर्वेच्या वॉब्लरमधला कीबोर्डवादक व्हाइट विलोमध्येही भेटतो. एका वादकाचा धागा धरला की तीन-चार बँड सहज हाती लागतात. वादकांवरच थांबू नका, मिक्सिंग (वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवणं) कुणी केलं तेही पाहा. स्वीडनच्या येन्स बोग्रेनचं नाव इतक्या प्रोग मेटल अल्बमांवर आहे की त्याच्या कामाची यादी हाच एक अभ्यासक्रम होईल. डिस्कॉग्स या अल्बमांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर नावावर क्लिक केलं की अशी यादी समोर येते. मेटलसाठी ‘एन्सायक्लोपीडिया मेटॅलम’ हे संकेतस्थळ पाहा. तिथे सदस्यांचे इतर बँडही दिलेले असतात. मात्र त्यांच्या निकषांत न बसणारे बँड तिथे नसतात, म्हणून नाव सापडलं नाही तर बँडच नाही असं समजू नका.

यानंतर रेकॉर्ड लेबल, म्हणजे अल्बम प्रकाशित करणारी कंपनी. छोट्या लेबलला स्वतःची आवड असते. अमेरिकेतलं क्युनिफॉर्म १९८४ पासून जॅझकडे झुकणारं, अवघड, प्रयोगशील संगीत काढत आलंय. बर्गनचं करिस्मा नॉर्वेच्या प्रोगसाठी पाहावं, सिडनीचं बर्ड्‌स रोब ऑस्ट्रेलियाच्या. लेबलचे दोन अल्बम आवडले तर त्यांची उरलेली यादी डोळे झाकून चाळा.

प्रोगच्या उपप्रकारांसाठी संकेतस्थळ पाहायचं ते ‘प्रोग आर्काइव्ह्‌ज’. फ्रान्सच्या माग्मानं स्वतःची भाषा रचून त्यात गाणी गायली, आणि त्यातून ‘झॉयल’ नावाचा आख्खा प्रकार जन्मला. त्या सदरात खाली उतरत गेलात तर जपानच्या कोएन्जी ह्याक्केइपर्यंत पोचाल. (पहिल्यांदा ऐकताना घरातले लोक दार लावून घेतील, ही पूर्वसूचना.) श्रोते अल्बमना गुण देतात त्या ‘रेट युअर म्युझिक’वर प्रकार, वर्ष आणि देश निवडून याद्या काढता येतात. नव्या अल्बमला चाळीसच मतं असतील, तर सरासरीवर फार भरवसा नको. त्यात बँडचे मित्रही असू शकतात.

परीक्षणं वाचताना पाच ताऱ्यांची सोडा, तीन ताऱ्यांची वाचा. तिथे तक्रारी असतात, आणि दुसऱ्याची तक्रार कधी कधी आपली शिफारस ठरते. ‘मेलोट्रॉनचा अतिरेक’ असं दिसलं की मी तो अल्बम लगेच लावतो.

बँड स्वतःचे अल्बम विकतात त्या बँडकॅम्प या संकेतस्थळावर टॅगनुसार नवे अल्बम पाहता येतात, पण खरी गंमत अल्बमच्या पानावर दिसणाऱ्या खरेदीदारांच्या छोट्या चित्रांत आहे. तुम्हाला आवडलेला अनोळखी अल्बम विकत घेणाऱ्या एखाद्याचा संग्रह उघडा. त्यानं पैसे मोजलेत, म्हणून ती यादी मला कुठल्याही अल्गोरिदमपेक्षा विश्वासार्ह वाटते. प्रोगपॉवर, युरोब्लास्ट, आर्कटॅनजंट अशा महोत्सवांची पोस्टरं मात्र खालून वर वाचा. बारीक अक्षरांतली नावं आपल्या कामाची.

सापडलेला अल्बम ऐकताना सिंगलवरून, म्हणजे त्यातल्या सुट्या काढलेल्या गाण्यावरून निकाल लावू नका. सिंगल बहुधा सुटसुटीत गाणं बघून निवडलेलं असतं. आधी सर्वांत लांब गाणं लावा. बँडला वीस मिनिटं सांभाळता येतात की नुसते तुकडे जोडलेत, ते तिथे कळतं. त्यात काही सापडलं तर पूर्ण अल्बम तीनदा ऐका, मध्ये एक-दोन दिवस जाऊ देऊन. पहिल्या खेपेला हे संगीत बरेचदा नुसता गोंधळ वाटतं. तिसऱ्यांदाही एखादी सुरावट डोक्यात राहिली नाही, तर खुशाल सोडून द्या.

आवडलेल्या प्रत्येक अल्बमपुढे तो कशामुळे सापडला तेही वहीत लिहा: ड्रमर, लेबल, कुणाचा तरी संग्रह. एकाच नावापुढे तीन अल्बम जमले, तर पुढचा शोध त्या नावापासून सुरू करा.