क्लचचा आवाज, क्लचची थरथर: गिअर बॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

वडिलांनी घेतलेली १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी अजून आमच्या दारात उभी असते. स्टेअरिंगखाली गिअरचा दांडा, १०८९ सीसीचं इंजिन, ताकद मागच्या चाकांना. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली, पण तो कारखाना उभारणारे वालचंद हिराचंद १८८२ साली आमच्या सोलापुरात जन्मले. म्हणून घरात तिला माहेरवाशिणीचा मान.

तीन वर्षांपूर्वी ही माहेरवाशीण पहिल्या गिअरमध्ये उठताना अंगात आल्यासारखी हलायला लागली. एका गॅरेजात क्लच प्लेट बदलून घेतली. आठ दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजात "आधीची प्लेट डुप्लिकेट होती" म्हणून परत गिअर बॉक्स खाली, परत नवी प्लेट, परत मजुरी. थरथर जागच्या जागी. शेवटी होटगी रोडकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. ते गाडीखाली गेलेच नाहीत. बॉनेट उघडलं, मला हँडब्रेक ओढून पहिल्या गिअरवर क्लच अगदी हळू सोडायला लावला आणि म्हणाले, "मालक, उतरून बघा. इंजिन कसं उड्या मारतंय की ओ. क्लचला काही झालं नाही, फाउंडेशन गेलंय." इंजिनखालचं रबर तेल पिऊन फुगलं होतं, चिरलं होतं. दोन प्लेटांच्या पैशांत तसली कितीतरी रबरं आली असती.

थरथरीआधी आवाजाचं बघू. तिथली पहिली चूक म्हणजे 'आवाज कसला' यावर चर्चा करत बसणं. घर्र, किर्र, खडखड, शिट्टी... हे शब्द गॅरेजात प्रत्येकाचे वेगळे असतात. विचारायचं ते एवढंच, की आवाज पेडलच्या कोणत्या जागी सुरू होतो आणि कोणत्या जागी थांबतो. लूमवर आयुष्य काढलेला माणूस बाजूच्या खोलीतून ठोका चुकलेला ओळखतो, तो ठोक्याची वेळ ऐकून. इथेही कान तसाच लावायचा.

त्यासाठी आतलं चित्र डोळ्यांसमोर हवं. पेडल मोकळं असतं तेव्हा क्लच प्लेट फ्लायव्हील (इंजिनच्या मागची जड चकती) आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये घट्ट दाबलेली असते. इंजिन आणि गिअर बॉक्सचा इनपुट शाफ्ट एकत्र फिरतात. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकून प्रेशर प्लेटच्या बोटांवर टेकतं, त्याच्यावर भार येतो आणि प्लेट सुटते. गाडी उभी असून गिअर टाकलेला असेल, तर इनपुट शाफ्ट थांबतो, पण क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, फिरतच राहतो. त्या शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या तोंडात ज्या छोट्या बुशमध्ये किंवा बेअरिंगमध्ये बसलेलं असतं, ते पायलट बेअरिंग खऱ्या अर्थाने काम करतं ते फक्त अशा वेळी. म्हणजे रिलीज, पायलट आणि गिअर बॉक्समधलं इनपुट शाफ्टचं, अशी तीन बेअरिंगं, तिघांची ड्यूटी वेगवेगळ्या वेळी. हजेरी घेतली की चोर सापडतो.

हजेरी अशी घ्या. इंजिन गरम करा, गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला पुढून-मागून दगड लावा. न्यूट्रलमध्ये, पेडलवरचा पाय काढून, ऐका. आवाज येतोय? आता पेडल पूर्ण दाबा आणि दोन-तीन सेकंद थांबा, शाफ्टचा वेग उतरू द्या. आवाज गेला, तर संशय गिअर बॉक्सवर, विशेषतः इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. हा आवाज क्लच दाबला की जातो म्हणून क्लचच्या माथी मारला जातो आणि नवी प्लेट बसते. प्लेट काय करणार बिचारी.

उलट, पेडल मोकळं असताना शांत आणि बोटाने दाबावं तसं जरासं दाबताच, फ्री प्ले (पेडलचा सुरुवातीचा मोकळेपणा) संपतो त्या जागी, कुरकुर सुरू झाली, तर ते रिलीज बेअरिंग. आणखी दाबल्यावर आवाज वाढतो किंवा बदलतो. ब्रिटिश घडणीच्या काही जुन्या गाड्यांत मात्र बॉल बेअरिंगऐवजी ग्रॅफाइटचं कडं असतं. ते फारसं ओरडत नाही, गुपचूप झिजतं, आणि शेवटी धातूवर धातू घासला की मगच कळतं. तुमच्या गाडीत काय आहे ते सुटे भाग घेण्याआधी माहीत करून घ्या.

तिसरी वेळ सर्वांत जास्त हुकते. पेडल पूर्ण दाबून ठेवा आणि पहिला गिअर टाका, पेडल सोडू नका. न्यूट्रलमध्ये नसलेली शिट्टी आता आली, तर पायलट बुश कोरडं पडलंय. एकदा गिअर बॉक्स खाली आला की हे बुश बदलायला फार वेळ लागत नाही. न बदलता वर चढवलं तर पुन्हा सगळं उतरवायचं. त्यामुळे प्लेट बदलायला निघालात तर रिलीज बेअरिंग आणि पायलट बुश त्याच खेपेला बदला. मजुरी एकच असते.

न्यूट्रलला आयडलिंगवर डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड येते आणि पेडल दाबलं की जाते, असंही होतं. इनपुट बेअरिंगच्या आवाजाशी याची गल्लत होते. फरक सोपा आहे: आयडलिंग थोडं वाढवून बघा. खडखड गेली तर इंजिनचे झटके गिअरच्या दातांपर्यंत पोचत होते. आयडलिंग फार खाली आहे, एखादा प्लग नीट मारत नाही, किंवा क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा सैल झाल्यात. बेअरिंग खराब असेल तर वेग वाढवल्यावर आवाजही चढतो. काम नेहमी कार्ब्युरेटर आणि पॉइंटपासून सुरू करा, ते फुकटात होतं.

आता थरथर. हिच्या बाबतीत गॅरेजवाल्यांना दोष देण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: थरथर गाडी जागेवरून उठताना येते, की चालत्या गाडीला येते? दोन्ही गोष्टी 'व्हायब्रेशन' या एकाच शब्दात टाकल्या जातात आणि घोटाळा तिथेच होतो.

उठताना येणारी थरथर म्हणजे क्लच पकडतोय, सुटतोय, पुन्हा पकडतोय. प्लेटच्या लायनिंगवर (घासून पकड घेणाऱ्या थरावर) तेल आलं असेल, लायनिंग काचेसारखं गुळगुळीत झालं असेल, फ्लायव्हीलवर तापून निळे डाग पडले असतील, प्रेशर प्लेटची बोटं एका पातळीत नसतील. ही झाली आतली कारणं. बाहेरची आधी बघायची, कारण त्यासाठी काही उतरवावं लागत नाही: इंजिन आणि गिअर बॉक्सची फाउंडेशनं, मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, असेल तर रबरी कपलिंग. गाडीखाली जायचं तर घोड्या (लोखंडी स्टँड) लावून. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका.

तेलाचा संशय असेल तर बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या, तळाशी बघा. तिथे ओल दिसली तर बोटाला लावून वास घ्या. काळपट, जळकट वास म्हणजे इंजिन ऑइल, क्रँकचं मागचं सील गेलं. उग्र, गंधकासारखा वास म्हणजे गिअर ऑइल, ते इनपुट शाफ्टकडून येतंय. सील न बदलता नुसती प्लेट बदलली तर नवी प्लेटही तेलात न्हाऊन निघते. तेल पिलेली प्लेट पेट्रोलने धुवून परत बसवणारे महाभाग मी पाहिलेत. चार दिवस बरं चालतं.

चालत्या गाडीची थरथर तपासायला विजापूर रस्त्यावर सकाळी लवकर, मोकळा पट्टा बघून जा. ज्या वेगाला थरथर येते तिथे या आणि क्लच दाबून गाडी तशीच घरंगळू द्या. इंजिनचा वेग उतरला तरी थरथर तशीच राहिली तर क्लच निर्दोष. चाकांचा तोल, प्रॉपेलर शाफ्ट, आणि शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधलं सेंटर बेअरिंग तपासा. थरथर इंजिनच्या वेगाबरोबर गेली तर दारात उभ्या गाडीचं अ‍ॅक्सिलरेटर वाढवून बघा. उभ्या गाडीलाही इंजिनच्या त्याच वेगाला आली, तर फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचा तोल बघावा लागेल. म्हणूनच प्रेशर प्लेट काढण्याआधी ती आणि फ्लायव्हील यांच्यावर पंचने ठोकून खूण करून ठेवायची. खूण नसेल तर जोडी उलटसुलट बसते.

काम स्वतःच्या डोळ्यांसमोर करून घेत असाल तर चार गोष्टींवर नजर ठेवा. नवी प्लेट बसवताना ती मध्यावर आणायला जुना इनपुट शाफ्ट घालतात, ते बरोबर. पण बोल्ट कसण्याआधी गिअर बॉक्स प्लेटच्या आधाराने लोंबकळत ठेवला तर प्लेटचा मधला भाग वाकतो आणि नवीन थरथर विकत घेतल्यासारखं होतं. गिअर बॉक्सला जॅकचा टेका द्या. प्रेशर प्लेटचे बोल्ट एका बाजूने गरगर कसू नयेत, समोरासमोरचे थोडे थोडे घट्ट करावेत. स्प्लाइनवर (इनपुट शाफ्टच्या खाचांवर) ग्रीस बोटाने नुसतं पुसल्याएवढं. जास्त लावलं तर ते फिरताना उडून लायनिंगवर जातं. नवं रिलीज बेअरिंग डिझेलच्या डब्यात बुडवून 'साफ' करायला कुणी घेतलं तर हात धरा. सील असलेल्या बेअरिंगमधलं ग्रीस त्याने निघून जातं.

आणखी एक, आणि हे जीवाशी येतं. जुन्या क्लच प्लेटच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टस असू शकतं. बेल हाउसिंगमधली भुकटी हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

फ्री प्लेकडे दुर्लक्ष ही सवय तर सर्वांचीच. रॉड किंवा केबलवर चालणाऱ्या क्लचमध्ये लायनिंग झिजेल तसा हा मोकळेपणा कमी होत जातो. तो पूर्ण संपला की बेअरिंग कायम बोटांवर टेकून फिरत राहतं, क्लचही घसरायला लागतो. किती ठेवायचा हे गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, ते प्रमाण माना. हायड्रॉलिक असेल तर टाकीत ब्रेक ऑइलच घाला. घरात उरलेलं इंजिन ऑइल घातलं तर रबरी वॉशर फुगतात आणि सगळी लाइन खोलावी लागते.

आणि पाय. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूने गाडी काढायची वेळ आली, की अर्धा तास गाडी पावलापावलाने सरकते आणि डावा पाय पेडलवर विसावलेला असतो. अर्धवट दाबलेल्या क्लचवर गाडी पुढे-मागे झुलवणं, चढावर क्लचने गाडी रोखून धरणं, यात फ्लायव्हील तापतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० च्या वर असतो, ते वेगळंच. थांबलात की न्यूट्रल करा आणि पाय खाली ठेवा.

माझ्या एका आत्तेभावाने मागच्या वर्षी क्लचमधून चिमणीसारखी चिवचिव येते म्हणून गिअर बॉक्स उतरवायची तयारी केली होती. मी म्हटलं, इंजिन बंद कर आणि पेडल हाताने दाब. इंजिन बंद, तरी चिवचिव. पेडलच्या बुशला दोन थेंब तेल घातलं आणि चहा प्यायला गेलो.