झिपलाइन आणि गुहेतलं स्नॉर्कलिंग : नाशिकहून निघण्याआधी या चुका टाळा

दर एप्रिलमध्ये तलावाच्या काठावर एक तरी कुटुंब येऊन उभं राहतं. "मॅडम, वीस तारखेला फ्लाइट आहे. आठ दिवसांत स्नॉर्कलिंग जमेल ना?" स्नॉर्कलिंग म्हणजे डोळ्या-नाकावर मास्क आणि तोंडात श्वासाची नळी घेऊन, पाण्यावर तरंगत खाली बघणं. हातात नवा कोरा मास्क, अजून प्लास्टिकच्या पिशवीतच. अठरा वर्षं मी नाशिकमध्ये मोठ्या माणसांना पोहायला शिकवते आणि माझं उत्तर ठरलेलं असतं. आठ दिवसांत पोहणं काही यायचं नाही, पण लाइफ जॅकेट घालून तरंगायला ते फारसं लागतही नाही. लागतो तो श्वास, आणि तो घरच्या बादलीत शिकता येतो.

हल्ली ही कुटुंबं मेक्सिकोत युकातानला जातात. लेक किंवा मुलगा अमेरिकेत, आपण तिकडे दोन-तीन महिने राहायला. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही, मग कानकुन-तुलुमची टूम निघते. सकाळी जंगलात झिपलाइन, म्हणजे तारेला लटकून घसरत जाणं, दुपारी सेनोतेत, म्हणजे जमिनीखालच्या पाणगुहेत, स्नॉर्कलिंग. दोन वर्षांपूर्वी आम्हीही असेच गेलो : आम्ही दोघं, लेक-जावई, नऊ वर्षांचा नातू, दीर आणि जाऊबाई.

मास्क गळतो म्हणून पट्टा आवळणं

या चुकीने मला जेवढं पिडलंय तेवढं कुठल्याच चुकीने नाही. मास्क चेहऱ्याला चिकटून राहतो तो बाहेरच्या पाण्याच्या दाबाने. पट्ट्याचं काम तो जागेवरून सरकू न देणं, एवढंच. पट्टा आवळला की सिलिकॉनची कड दुमडते आणि पाणी जास्तच शिरतं. मग माणूस आणखी आवळतो. संध्याकाळी डोळ्यांभोवती लाल कडी घेऊन बसतो आणि मास्कवाल्याला शिव्या देतो.

आमचे भाऊजी म्हणजे जुने गोदाकाठचे. पुरात दुतोंड्या मारुतीपाशी उड्या मारल्याचं निदान दोनशे वेळा सांगून झालंय. सेनोतेच्या लाकडी जिन्यावर मी म्हटलं, "भाऊजी, मास्क आधी पट्ट्याविना लावून बघा." तर म्हणाले, "वहिनी, तुमचे विद्यार्थी वेगळे, आम्ही वेगळे." उतरले. अर्ध्या मिनिटात मास्क नाकापर्यंत भरला. वर आले, पट्टा ओढला, पुन्हा खाली. तिसऱ्या वेळी नाकात पाणी गेलं आणि गोदावरीत उड्या मारणारा माणूस सायकल चालवल्यासारखे पाय झाडायला लागला. तळाचा बारीक गाळ उठला. आरशासारखं पाणी ताकासारखं झालं आणि मागच्या दहा परदेशी माणसांनी आमच्याकडे एका नजरेने पाहिलं. गाइड शांतपणे "त्रांकिलो, त्रांकिलो" (म्हणजे शांत, शांत) म्हणत त्यांना जिन्याशी घेऊन आला आणि त्याने बोट ठेवलं ते भाऊजींच्या मिशीवर.

मिशीच्या केसांतून पाणी झिरपतं. मोठी, झुपकेदार मिशी असेल तर कितीही महाग मास्क घ्या, गळणारच. तिथे व्हॅसलीन चोपडायची सोय नाही, कारण पाण्यात तेलकट काही चालत नाही. त्या दिवशी भाऊजी पाय पाण्यात सोडून जिन्यावरच बसले. रात्री मात्र जावयाचा रेझर घेतला आणि नाकाच्या लगेच खालची, मास्कची कड टेकते तेवढीच बारीक पट्टी काढली. बाकी मिशी जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी थेंब आत आला नाही. जाऊबाईंच्याही लक्षात आलं नाही, हे ते आजही अभिमानाने सांगतात.

मास्क घेताना दुकानातच करून बघा. पट्टा डोक्यामागे न चढवता मास्क चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलकेच श्वास ओढा आणि हात सोडा. राहिला तर तुमचा, पडला तर दुसरा बघा. आणि हो, ऑनलाइन मागवू नका. तुमचं नाक काय मापाचं आहे ते कुरिअरवाल्याला माहीत नसतं.

नाकाचा हट्ट

रोज अनुलोम-विलोम करणारी मंडळी इथे जास्त अडखळतात, असा माझा अनुभव. वर्षानुवर्षं नाकाने श्वास घेतलेला, आणि स्नॉर्कलला लागतो तोंडाचा. घाबरून भराभर उथळ श्वास घेतले तर नळीतली तीच वापरलेली हवा पुन्हा पुन्हा आत येते. दम लागतो आणि माणसाला वाटतं नळीच बंद पडली. संथ आणि पूर्ण उच्छ्वास टाकायचा, बाकी काही नाही.

मी सगळ्यांना बादली देते. मास्क, नळी लावून पाण्यात तोंड घालायचं, पाच मिनिटं. लोक हसतात. आठ दिवसांत जमवायचं म्हणणारे तर ही पायरी हमखास गाळतात आणि यूट्यूबवरचा व्हिडिओ दाखवतात. ज्यांना घाई, त्यांनी पहिल्याच दिवशी नळीत मुद्दाम पाणी भरून जोरात "फू" करून उडवायला शिकावं. तेवढं जमलं की निम्मी भीती जाते. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क मी माझ्या माणसांना घेऊ देत नाही. आत वापरलेली हवा साचू शकते आणि गडबडीत ते पटकन निघत नाहीत.

पांडवलेणी समजून जाणं

"गुहा" म्हटलं की नाशिककराच्या डोळ्यांसमोर पांडवलेणी. आपला काळा पाषाण पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती माणसाने छिन्नीने कोरली. युकातान चुनखडीचं. पावसाचं पाणी दगड विरघळवत खाली गेलं आणि त्यानेच गुहा केल्या. छताला लटकणारे दगडी झुंबर थेंबाथेंबाने झाले आहेत, त्यांना हात लावायचा नाही. जॅकेट तुम्हाला वर ढकलतं, तेव्हा डोकं आपटू नये म्हणून अधूनमधून वर बघायचं.

त्या भागात जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीत, लोकांचं पाणी हेच. म्हणून उतरण्याआधी अंघोळ करायला लावतात. सनस्क्रीन, डासांचं मलम चालत नाही. आमच्या जाऊबाईंना डोक्याला चोपडलेल्या खोबरेल तेलामुळे दोनदा शॉवरखाली जावं लागलं. ऊन टाळायला लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घाला. थंडीलाही तोच कामी येतो. पाणी साधारण 24-25 अंश असतं. ऐकायला कोमट वाटतं, पण पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतं. पोरांचे ओठ निळे पडायची वाट बघू नका, कुडकुडायला लागली की बाहेर काढा.

झिपलाइनवर

नातू मधेच अडकला. हलकं अंग, वेग कमी, पलीकडच्या मचाणाच्या आठ-दहा हात आधीच थांबला. लेक इकडून किंचाळली, त्यामुळे तो जास्त घाबरला. पोराला आधीच सांगून ठेवा की असं होतं, पाय पोटाशी घे, थांबलास तर लटकून राहा, गाइडदादा येऊन नेईल. त्याच्यासमोर एकदा हसत सांगितलं असतं तर रडारड झाली नसती. ही चूक माझीच.

कप्पीच्या पुढे तारेवर हात ठेवायचा नाही. बोटं चिरडतात. गाइड सांगेल तिथे आणि तेव्हाच.

मांडीचे पट्टे सैल ठेवून "आरामदायक आहे" म्हणू नका.

वजनाची कमाल आणि किमान, दोन्ही मर्यादा बुकिंगआधी विचारा. तिथे सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहून परत फिरणं वाईट.

मंगळसूत्र, बांगड्या, ओढणी हॉटेलात. केस घट्ट बांधून हेल्मेटखाली.

सकाळी मिसळ खाऊन इगतपुरीकडच्या एखाद्या झिपलाइनवर सराव करणाऱ्यांनो, मिसळ नंतर खा.

आधी तार, मग पाणी. ओल्या कपड्यांवर हार्नेस, म्हणजे ते कमरे-मांडीचे पट्टे, चढवला की मांड्या सोलून निघतात.

परत आल्यावर मास्क साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. माझा पहिला मास्क मी मे महिन्यात गच्चीवर कुरडयांशेजारी ठेवला होता. कुरडया छान झाल्या.