पीएचडीच्या प्रबंधात एआय वापरताय? या चुका टाळा

व्हायव्हाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, परीक्षक विचारतात, "हा संदर्भ तुम्ही कुठे वाचलात?" आणि उमेदवार गप्प. एआयच्या भरवशावर लिहिलेला प्रबंध हमखास इथेच अडकतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे एआयने दिलेली संदर्भसूची जशीच्या तशी उतरवणं. लेखक खरे असतात, नियतकालिक खरं असतं, लेख मात्र कधी छापलाच गेलेला नसतो. समजा, विषय ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराचा आहे आणि एआय 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तला लेख सुचवतं: वर्ष २०१४, खंड ५४. हे साप्ताहिक १९६६ पासून निघतं, वर्षाला एक खंड. म्हणजे २०१४ चा खंड ४९ वा आणि ५४ वा आला २०१९ मध्ये. इथेच मनात पाल चुकचुकायला हवी. डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळखक्रमांक, दिला असेल तर उघडून बघा; बऱ्याचदा भलताच लेख समोर येतो, नाहीतर काहीच येत नाही. मराठीत संशोधन करणाऱ्यांनी तर जास्तच जपावं, कारण कुठल्याच गाथेत नसलेला अभंग एआय तुकोबांच्या नावावर क्रमांकासकट खपवू शकतं. गाथा काढा, ताडून पाहा. जो संदर्भ स्वतः उघडून वाचला नाही, तो सूचीत घालू नका.

दुसरी चूक, "वाङ्मयचौर्य तपासणीत साम्य १० टक्क्यांच्या आत आलं, आता काळजी नाही" असं धरून चालणं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणी रद्द होते, हे खरं. पण ते मोजमाप आधीच्या मजकुराशी जुळण्याचं आहे. एआयने लिहिलेलं प्रकरण २ टक्केही दाखवेल. तेवढ्याने ते तुमचं होत नाही. टक्का उतरवायला शब्द बदलणारी टूल्स तर मुळीच वापरू नका. छापून आलेल्या शोधनिबंधांत 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बुझम पेरिल' (छातीचं संकट) झालेलं २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं आहे.

क्षेत्रकार्यातल्या मुलाखती नावागावासकट चॅटबॉटमध्ये टाकू नका. माणसांनी संमती तुम्हाला दिलेली असते.

एआय वापरलंच, तर कुठलं टूल, कशासाठी आणि कधी, हे गाइडला आधी सांगा आणि प्रबंधात नोंदवा.

आणि स्वतः लिहिलेलं असूनही 'एआय'चा शिक्का बसला तर? घाबरून सगळं पुन्हा लिहायला बसू नका. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले निबंध एआयचा मजकूर ओळखणारे डिटेक्टर सरासरी निम्म्याहून जास्त वेळा एआयचे ठरवतात, असं स्टॅनफर्डच्या संशोधकांना २०२३ मध्ये आढळलं. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी बंद केला. गाइडना फाइलची व्हर्जन हिस्टरी, हाताने काढलेली टिपणं, त्यांच्याच शेऱ्यांचे जुने मसुदे दाखवा आणि त्या प्रकरणावर तोंडी प्रश्न विचारण्याची लेखी विनंती करा. त्यासाठी पहिल्या दिवसापासून एकही मसुदा डिलीट करू नका.