सोशल मीडियावरून लोकांना आरोग्य संशोधनात जोडताय? या चुका टाळा

आरोग्य संशोधनाच्या बहुतेक प्रस्तावांत हल्ली ‘लोकसहभाग’ नावाचा एक परिच्छेद असतो आणि त्यात व्हॉट्सॲप गट, फेसबुक पेज, गूगल फॉर्म अशी नावं ओळीनं लिहिलेली असतात. मंजुरी आली की नव्यानं रुजू झालेल्या संशोधन सहायकाला सांगितलं जातं, “तू तेवढा ग्रुप काढून टाक.” पुढे काय होतं, ते विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या कामात मी इतक्यांदा पाहिलंय की आता ते एकदाचं लिहून काढते.

सगळ्यांना एका ग्रुपमध्ये टाकणं

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. बऱ्याच जणांचं नाव आणि फोटोही दिसतो. ग्रुपचं नाव ‘सिकलसेल अभ्यास’ आणि पुढे तालुक्याचं नाव असेल, तर ती रुग्णांची जाहीर यादीच झाली. शहरात बसून वाटतं, शंभर-दीडशे अनोळखी माणसं, काय बिघडणार? तालुक्यात अनोळखी कुणी नसतं.

एका चमूनं तपासणी शिबिराच्या रजिस्टरमधले नंबर उचलून असा ग्रुप काढला. सही घेतली होती ती रक्त तपासण्यापुरती. त्या ग्रुपमध्ये एक मुलगी होती, एएस, म्हणजे वाहक. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. प्रश्न येतो तो जोडीदारही वाहक असला तर, कारण मग प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेलं, असण्याची शक्यता २५ टक्के असते. तिच्या घरच्यांना हे नीट समजलेलं होतं. तिचं लग्न ठरलं होतं. मुलाचीही तपासणी करून घ्या, हे मुलाकडच्यांना कसं सांगायचं त्याचाच ते विचार करत होते. त्याआधीच मुलाच्या मावसभावानं, जो त्याच ग्रुपमध्ये होता, सदस्यांच्या यादीचा स्क्रीनशॉट घरी पाठवला. साक्षगंध मोडलं. पोरगी आजारी आहे, असं गावभर झालं.

निस्तरायला मला बोलावलं, त्या दिवशी तिचे वडील कार्यालयात आले होते. आवाज चढवला नाही त्यांनी. टेबलावर फोन ठेवला, यादीतल्या तिच्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे कोणाला विचारून टाकलं?” कुणाकडेच उत्तर नव्हतं. संध्याकाळी ग्रुप बंद केला, पण त्यानं काय होणार? ग्रुप सोडला तरी आधीच्या सदस्यांमध्ये ६० दिवस नाव दिसत राहतं आणि स्क्रीनशॉट तर कुणालाच पुसता येत नाही. त्या गावांत पुढच्या फेरीला रक्त द्यायला माणसं आली नाहीत. त्यांचं बरोबरच होतं.

माझी पद्धत संथ आहे आणि ती मी बदलणार नाही. प्रकल्पाचा फोन वेगळा, सिम वेगळं, प्रोफाइलमध्ये आजाराचं नाव नाही. पहिली भेट समोरासमोर. तेव्हाच विचारायचं: हा फोन कुणाच्या हातात असतो? मेसेज कधी आलेला चालेल? आमचा नंबर कोणत्या नावानं सेव्ह करता? पहिला प्रश्न टाळू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३.३ टक्के निघाल्या, पुरुष ५७.१ टक्के. बाईचा म्हणून दिलेला नंबर कित्येकदा नवऱ्याचा किंवा शाळकरी मुलाचा असतो. तिच्या तपासणीचा मेसेज आधी कोण वाचणार, हे तिलाच विचारायला हवं.

मग व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी करायची, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. त्यात कुणाला कुणी दिसत नाही. नवशिक्यांची तक्रार ठरलेली: “मॅडम, सगळ्यांना पाठवलं, कुणाला पोचलंच नाही.” ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट जात नाही. म्हणून शेजारी बसून नंबर सेव्ह करून घ्यायचा आणि तिथेच एक मेसेज टाकून बघायचा. सर्वांसाठीची माहिती व्हॉट्सॲप चॅनेलवर टाका, तिथे इतर फॉलोअरना नंबर दिसत नाही. लोकांना एकमेकांशी बोलायचं असेल तर ग्रुप त्यांनी मागावा, आणि आत आल्यावर कोण कोण दिसेल हे प्रत्येकाला आधी कळलेलं असावं.

लिंक टाकली की सहभाग झाला, असं समजणं

फॉर्म भरणारा माणूस तुम्हाला माहिती देतो. तुमच्या अभ्यासात त्याच्या शब्दाला किंमत आहे की नाही, हे फॉर्मवरून ठरत नाही. प्रस्ताव पक्का झाल्यावर, नैतिकता समितीची (सहभागींचं हित जपलं जातंय का ते तपासणाऱ्या समितीची) मंजुरी हातात आल्यावर ‘आपल्या सूचना कळवा’ अशी पोस्ट टाकणारे मला मुळीच पटत नाहीत. तेव्हा सूचना आली तरी बदलायला कुणी तयार नसतं.

विचारायचं ते प्रश्न ठरायच्या आधी. आमच्या एका कामात डॉक्टरांना जाणून घ्यायचं होतं की मुलं हायड्रॉक्सीयुरिया या सिकलसेलवरच्या औषधाच्या गोळ्या नियमित घेतात का. प्रश्नावली करण्याआधी आम्ही वऱ्हाडीत एक छोटा व्हॉइस मेसेज पाठवला: घरात या दुखण्यापायी सगळ्यात जास्त अडचण कशाची होते, ते बोलून पाठवा. आयांचे आवाज आले. रात्री दुखणं उठलं तर गाडी मिळत नाही. शाळेत वर्ग चालू असताना पाणी प्यायला, लघवीला जाऊ देत नाहीत. या आजारात शरीरातलं पाणी कमी पडलं की दुखणं उसळतं, म्हणजे त्या आया नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवत होत्या. आमच्या मसुद्यात शाळेचा एकही प्रश्न नव्हता. मग तो भाग नव्यानं लिहिला.

याचं मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीचं अस्तर अचानक फाटण्याचा एक आजार असतो, स्कॅड नावाचा. तो झालेल्या बायका एका ऑनलाइन मंचावर एकमेकींना भेटल्या आणि आमच्यावर अभ्यास करा म्हणून मेयो क्लिनिक या तिथल्या मोठ्या रुग्णालयाच्या डॉक्टरांकडे गेल्या. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासासाठी आठवड्याच्या आत १८ जण पुढे आले, १२ जणांना घेतलं, आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले. आकडा लहान आहे, पण प्रश्न रुग्णांचा होता. आपल्याकडे पाच हजार फॉर्म भरून घेतात आणि त्यातला एकही प्रश्न लोकांनी सुचवलेला नसतो.

रिचार्जचं आमिष

‘फॉर्म भरा, शंभर रुपयांचं रिचार्ज मिळवा’ अशी उघडी लिंक फेसबुकवर टाकली की ती ऑफर शोधणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये फिरते. सकाळी फॉर्मचा ढीग पडलेला असतो, वेळा मिनिटामिनिटाच्या अंतरानं आणि उत्तरं एकसारखी. असा ढीग गाळून विश्लेषण करू म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तो टाकून द्या. वेळेचा मोबदला जरूर द्या, पण प्रत्येकाला वेगळी, एकदाच चालणारी लिंक पाठवून आणि फोनवर बोलून झाल्यावर.

आणखी काही

आशाताईंना लिंक फॉरवर्ड करायला लावू नका. ताईंनी पाठवलं म्हणजे सरकारी आहे, भरलंच पाहिजे, असं लोक समजतात. ती संमती खरी नव्हे, आणि ताईंच्या डोक्यावर आधीच पुरेसं काम आहे.

‘मोफत तपासणी’ असं मोठ्या अक्षरात आणि ‘संशोधन’ बारीक अक्षरात लिहिणं ही फसवणूक आहे. सहभागींसाठीची पोस्ट, पोस्टर, व्हिडिओ हे सगळं आधी नैतिकता समितीपुढे जायला हवं, मजकूर बदलला तर पुन्हा.

अनोळखी लिंकला लोक घाबरतात आणि त्यांनी घाबरावंच. आधार क्रमांक मागू नका, ओटीपी तर कधीच नाही. कार्यालयाचा पत्ता आणि चौकशीचा नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

आठ पानी पीडीएफ संमतीपत्र फोनवर कुणी वाचत नाही. वाचून दाखवा.

पेजवर रुग्णांचे फोटो नकोत, हसरे असले तरी.

कमेंटमध्ये काढा, पावडर, ‘मुळापासून इलाज’ विकणारे येतातच. मी दिवसातून दोनदा सगळ्या कमेंट वाचते, विक्रेत्याला काढते आणि ज्यानं खरा प्रश्न विचारलाय त्याला त्याच दिवशी उत्तर देते. तेवढा वेळ काढायला माणूस नसेल तर पेज उघडू नका.

अहवालात लाइक मोजून त्याला सहभाग म्हणू नका.

प्रकल्प संपला की गायब होणं

निधी संपतो, सहायक दुसरीकडे रुजू होतो आणि सिम कुणाच्या तरी खणात पडून राहतं. तिकडे एखादी आई अजून विचारत असते, “मॅडम, रिपोर्ट काय आला?” नंबर कोणत्या तारखेपर्यंत चालू राहील, हे मी पहिल्याच भेटीत सांगते. बंद करण्यापूर्वी निष्कर्ष दोन-तीन मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये, त्यांच्याच बोलीत, सगळ्यांना जातात. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी ते गावात जाऊन सांगते. पुढे दुखणं उठलं तर कुठे जायचं, त्या दवाखान्याचं नाव आणि बाह्यरुग्ण विभागाची वेळ शेवटच्या मेसेजमध्ये असते. मग समितीला कळवलेल्या मुदतीत फोनमधले नंबर आणि आवाज पुसायचे आणि पुसल्याची नोंद फाइलला लावायची.