व्हायोलिनला सिंथेटिक तारा निवडताना

स्टीलच्या तारांचा आवाज टोचत असेल, तर पर्लॉन या नायलॉनच्या जातीच्या धाग्याचा गाभा असलेल्या तारा लावा. १९७० मध्ये आलेल्या डॉमिनंट या ब्रँडच्या तारा याच जातीच्या. मींड, गमक त्यांवर गोलसर उतरतात. मात्र आधी तुमचा षड्ज ठरवा. गायकीसाठी तारा उतरवून लावत असाल, तर मीडियम गेजची (मध्यम जाडीची) तार ढिली पडते आणि जोरकस गजाखाली खालच्या तारा घरघरतात. तिथे जाड गेजच घ्यावी. सर्वांत बारीक ई तार बहुतेक संचांत स्टीलचीच असते. घेताना तिचे टोक बॉलचे की लूपचे, हे फाइन ट्यूनरशी (सूर बारीक जुळवायच्या छोट्या स्क्रूशी) ताडून पाहा.

बाकी तिन्ही बहुधा खुंटीवरच सुरात आणाव्या लागतात, म्हणून खुंट्या आधी नीट करून घ्या. मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि खुंटी सुटते; तार चांगली असूनही दोष तिच्यावरच येतो.

तारा एकेक करून बदला. चारही एकदम काढल्या, तर तारांना आधार देणारी घोडी पडते, आतली साउंड पोस्ट ही लाकडी दांडीही निसटू शकते. तार बसते त्या खाचेत शिसपेन्सिल फिरवा, ताण देताना घोडी पुढे झुकत नाही ना बघा. पहिले काही दिवस तार ताणत राहते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नवी तार नको.