जुना रेडिओ यूएसबीवर चालवताय? या चुका टाळा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं, वीज गेली आणि शाहूपुरीत आमच्या घरी बातम्या ऐकायला उरला तो वडिलांचा चार सेलचा ट्रान्झिस्टर. दुसऱ्या दिवशी त्याचे सेल संपले. दुकानं बंद. कपाटात मात्र दोन पॉवर बँका भरलेल्या पडून होत्या. पूर ओसरल्यावर पहिलं काम केलं ते रेडिओला यूएसबीची वायर जोडायचं. नंतर गल्लीतले बरेच रेडिओ माझ्या टेबलावर आले. फसलेली कामं बहुतेक त्याच त्या कारणांनी फसलेली असतात.

सोल्डर तापवण्याआधी सेलचा डबा उघडून सेल मोजा. यूएसबी देतं ५ व्होल्ट. चार सेल म्हणजे ६ व्होल्ट, म्हणून लोक व्होल्टेज वाढवणारं बूस्ट मॉड्यूल आणून बसवतात. त्याची गरज बहुधा नसते. सेल उतरून प्रत्येकी १.१ व्होल्टवर आले तरी असा रेडिओ सहसा बोलत असतो, म्हणजे ४.४ व्होल्टवरही त्याचं भागतं. त्याला सरळ ५ व्होल्ट द्या. तीन सेलचा असेल तर वाटेत एक १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) टाका. साधारण ०.७ व्होल्ट कमी होतात आणि वायर उलटी जोडली गेली तरी रेडिओ वाचतो.

खरं नुकसान होतं ते दोन सेलच्या रेडिओचं. "एक रेझिस्टर टाक, होतंय की!" हा सल्ला मी खूपदा ऐकलाय आणि त्यामुळं गेलेले रेडिओही पाहिलेत. हिशेब करून बघा. ५ चे ३ व्होल्ट करायचे आहेत आणि रेडिओ हळू आवाजात २० मिलिअँपिअर घेतो, म्हणून १०० ओहम टाकला. आवाज वाढवला की रेडिओ १०० मिलिअँपिअर मागणार. तेवढ्या करंटला त्या रेझिस्टरवरच १० व्होल्ट पडायला हवेत, आणि आपल्याकडं आहेतच पाच. रेडिओ गुदमरतो. उलट करंट अगदी कमी असेल तेव्हा आतल्या भागांवर जवळपास पूर्ण ५ व्होल्ट जातात. इथं करंट कमी-जास्त झाला तरी व्होल्टेज कायम ठेवणारा ३.३ व्होल्टचा १११७ रेग्युलेटरच लावा. नवे दोन अल्कलाइन सेलही मिळून ३.२ च्या आसपास भरतात, त्यामुळं बहुतेक रेडिओंना तो चालतो. आउटपुटला २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर विसरू नका. आणखी एक, याचे पाय ७८०५ या ५ व्होल्टच्या नेहमीच्या रेग्युलेटरसारखे नसतात. पाठीचा पत्रा इथं ग्राउंड नसून आउटपुट असतो, तो दुसऱ्या धातूला टेकू देऊ नका.

आता धोक्याची चूक. सेल आत ठेवूनच यूएसबीची वायर त्याच टोकांना जोडणं. चार सेल उतरून साडेचार व्होल्टवर आले की यूएसबी त्यांना चार्ज करायला लागतं. साधे सेल त्यासाठी नसतात, ते गळतात, फुटूही शकतात. सेल नवे असतील तर त्यांचे सहा-सव्वासहा व्होल्ट उलटे चार्जरमध्ये घुसतात. सेल काढून टाका. दोन्ही सोयी हव्याच असतील तर सेल आणि यूएसबी दोन्हीकडून येणाऱ्या वायरीत एकेक १एन५८१९ डायोड बसवा.

वायरीच्या रंगावरही विसंबू नका. लाल म्हणजे प्लस, काळी म्हणजे मायनस हा नियम स्वस्तातल्या केबलला लागू असेलच असं नाही. मीटर लावून बघा.

सगळं बरोबर जोडलं आणि रेडिओ अर्ध्या मिनिटात बंद पडला, तर दोष रेडिओचा नाही. खूप कमी करंट दिसला की बऱ्याच पॉवर बँका काम संपलं असं समजून स्वतः बंद होतात. ५६ ओहमचा १ वॅटचा रेझिस्टर रेडिओला समांतर, म्हणजे प्लस आणि मायनसच्या मध्ये, लावला की सुमारे ९० मिलिअँपिअरचा जादा भार राहतो आणि बँक जागी राहते. चार्ज थोडा वाया जातो, पण पुराच्या रात्री ते परवडतं.

टाइप-सीचं सॉकेट बसवलंय आणि जुन्या चपट्या पिनच्या चार्जरवर चालतं, पण दोन्हीकडं टाइप-सी असलेल्या केबलवर काहीच येत नाही? सॉकेटच्या सीसी१ आणि सीसी२ (काहीतरी जोडलंय हे चार्जरला कळवणाऱ्या) या दोन्ही पिनांपासून ग्राउंडला, म्हणजे मायनसला, वेगवेगळा ५.१ किलोओहमचा रेझिस्टर लावा. दोन्ही पिना जोडून एकच लावायचा मोह टाळा. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरच्या पहिल्या आवृत्तीत हीच चूक होती आणि काही केबलवर तो चालूच होत नसे.

राहिली खरखर. एफएमवर ती सहसा जाणवत नाही, पण मीडियम वेव्हवर सांगली आकाशवाणी लावली की चार्जरच्या आतल्या स्विचिंगचा आवाज कार्यक्रमावर चढतो. पॉवर बँकेतही तसंच सर्किट असतं, त्यामुळं ती लावून आवाज जाईलच असं नाही. केबल लांब घ्या आणि रेडिओजवळ फेराइटच्या (काळ्या चुंबकी पदार्थाच्या) कड्यावर तिचे पाच-सहा वेढे मारा. मग रेडिओ जागेवरच हळूहळू फिरवून बघा. आतली फेराइट अँटेना दिशेप्रमाणं आवाज पकडते, त्यामुळं एका कोनात खरखर दबून निवेदकाचा आवाज स्वच्छ येतो. टेबलावर तिथं खडूची खूण करून ठेवा.