कुत्र्याला किती आणि कसं फिरवावं: पिल्लापासून म्हातारपणापर्यंत

कुत्रा दमला म्हणजे त्याचा व्यायाम झाला, हा समज सगळ्यात आधी काढून टाका. याच समजापायी आठ महिन्यांचं लॅब्रॅडॉर स्कूटरला बांधून पळवलं जातं आणि बारा वर्षांच्या जर्मन शेफर्डला ‘पाय मोकळे होऊ देत’ म्हणून टेकडीवर ओढत नेलं जातं. वय, जात आणि हवा या तिन्ही गोष्टी पाहूनच किती चालवायचं ते ठरतं.

चार महिन्यांपर्यंत

लसींचा शेवटचा डोस साधारण सोळाव्या आठवड्यात होतो. तोपर्यंत पिल्लाला रस्त्यावर, बागेत खाली सोडू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. पण घरात कोंडूनही ठेवू नका. जग ओळखायचं त्याचं वय चौदाव्या आठवड्याच्या आसपास संपत येतं, म्हणून रोज कडेवर घेऊन रिक्षा, छत्र्या, शाळेतून सुटलेली मुलं, कुकरची शिट्टी हे सगळं दाखवा, ऐकवा. घरात पाच-दहा मिनिटं खेळ, मग झोप. पिल्लं दिवसाचे अठरा तास झोपतात, त्यांना उठवून खेळवू नका. जिना उचलून चढवा-उतरवा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या अभ्यासात तीन महिन्यांच्या आत जिने चढणाऱ्या मोठ्या जातींच्या पिल्लांत खुब्याच्या सांध्याचा दोष जास्त आढळला, आणि मऊ जमिनीवर मोकळं बागडणाऱ्यांत कमी.

चार ते सहा महिने

दिवसातून दोनदा, वीस-पंचवीस मिनिटं. ‘वयाच्या प्रत्येक महिन्याला पाच मिनिटं’ या नियमामागे ठोस संशोधन नाही, पण साखळीवर चालवण्याची ढोबळ मर्यादा म्हणून तो चालतो.

सहा ते अठरा महिने: इथेच सगळं बिघडतं

या वयात कुत्रा दिसतो पूर्ण वाढलेला, ताकद तर मोठ्या कुत्र्यापेक्षाही जास्त वाटते, आणि हाडं मात्र कच्ची असतात. लांब हाडांच्या टोकाशी कूर्चेचा एक थर असतो, तिथून हाड वाढतं. हा थर लहान जातींत आठ ते बारा महिन्यांत, लॅब्रॅडॉर-शेफर्डसारख्यांत बारा ते अठरा महिन्यांत आणि ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जातींत त्याहीनंतर पक्का होतो. तोवर डांबरी रस्त्यावर सतत एका वेगाने पळवणं, उंच उड्या आणि झटक्यात वळणं या तिन्ही गोष्टी टाळा. सायकल-स्कूटरमागे तर अजिबात नाही. तिथे वेग कुत्रा ठरवत नाही, त्यामुळे दुखलं तरी त्याला थांबता येत नाही.

‘दमवा, म्हणजे घरात शांत बसेल’ हा सल्ला या वयात उलटा फिरतो. रोज तासभर पळवलं की महिन्याभरात त्याचा दम वाढतो. मग तेवढ्याने भागत नाही, दीड तास लागतो. चपला चावणं तसंच राहतं. संध्याकाळी घरभर सुसाट पळत पायजम्याला लोंबकळणारा तरुण कुत्रा बहुतेक वेळा अतिदमलेला असतो. अशा वेळी परत बाहेर नेऊ नका. चघळायला काहीतरी देऊन शांत खोलीत बसवा. बऱ्याच वेळा पंधरा मिनिटांत झोपतो.

त्याऐवजी दिवस असा आखा:

१. सकाळी पस्तीस-चाळीस मिनिटं. पहिली सात-आठ मिनिटं शी-शू आणि मनसोक्त हुंगणं. घाई करू नका. हुंगण्यात त्याचं डोकं वापरलं जातं, आणि शांत होण्यासाठी तेच पळण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

२. पुढची दहा-पंधरा मिनिटं ढिल्या साखळीवर चालणं. साखळी ताणली की जागीच थांबा, ढिली झाली की निघा. पहिले काही दिवस शंभर पावलांनाच दहा मिनिटं लागतील; तरी नियम मोडू नका. एकदा जरी ओढून पुढे जाता आलं, तरी ओढल्याने काम होतं हेच तो शिकतो.

३. मग पंधरा मिनिटं गवतावर किंवा मातीवर, पाच ते दहा मीटरच्या लांब दोरीवर मोकळं फिरणं. दोरी हार्नेसलाच, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्यालाच अडकवा. गळपट्ट्याला लावली आणि कुत्रा धावत टोकापर्यंत गेला, तर हिसका सरळ मानेला बसतो. शेवटची पाच मिनिटं परत सावकाश.

४. दुपारी जेवणातला काही भाग वाडग्यात न देता टॉवेलच्या गुंडाळीत लपवा, आणि पाच मिनिटं ‘बस’, ‘थांब’, ‘ये’.

५. संध्याकाळी अर्धा तास सकाळसारखंच.

वेळ वाढवायचा तर आठवड्याला पाच मिनिटंच. दुसऱ्या दिवशी उठताना अंग आखडलेलं दिसलं तर आधीच्या वेळेवर या. चेंडू जमिनीवरून घरंगळत टाका, पाच-सहा वेळा बास. हवेत झेलायचे खेळ हाडं पक्की होईपर्यंत नकोत.

पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र टाकणं, एका बाजूला कलून बसणं, गाडीत चढताना कचरणं ही खुब्याच्या दोषाची चिन्हं असू शकतात. आज एक पाय, दहा दिवसांनी दुसरा असं लंगडणं शेफर्डमध्ये या वयात दिसतं, त्याचं कारण वेगळं असतं. लंगडणं दोन दिवसांत थांबलं नाही तर एक्स-रे काढा. पायच टेकत नसेल तर त्याच दिवशी. ‘वाढीचं वय आहे, जाईल आपोआप’ म्हणणाऱ्या शेजाऱ्यांचं ऐकू नका. नसबंदीनंतर दहा-चौदा दिवस फक्त साखळीवर, शी-शूपुरतं.

प्रौढ कुत्रा

लॅब्रॅडॉर, शेफर्ड, डोबरमन यांना दिवसभरात दीड-दोन तास. बीगल आणि देशी कुत्र्यांना तासभर ते दीड तास. पग, शिह त्झूला वीस-तीस मिनिटं दोनदा. कारवान किंवा मुधोळ या शिकारी जातींचा असेल तर कुंपण असलेल्या मैदानात दोन-चार धावा मिळाल्या पाहिजेत. रस्त्यालगत सोडू नका. मांजर दिसलं की त्याला तुमची हाक ऐकू येत नाही. खाल्ल्यावर दोन तास पळवू नका, विशेषतः खोल छातीच्या मोठ्या जातींना. पोट फुगलंय, उमासे येतायत पण उलटी पडत नाही, असं दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना. पोटाला पीळ पडला असेल तर काही तासांत जीव जातो.

ऊन आणि पाऊस

कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. म्हणून विदर्भातलं ऊन आणि मुंबई-कोकणातला दमटपणा दोन्ही घातक, आणि चपट्या नाकाच्या जातींना सर्वांत जास्त. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर बाहेर नेऊ नका. डांबर सूर्यास्तानंतरही बराच वेळ तापलेलं राहतं, म्हणून मे महिन्यात पहाटेच नेणं बरं. जीभ रुंद आणि गडद लाल, लाळ घट्ट, चाल झोकांड्या देणारी झाली की सावलीत न्या, अंगभर नळाचं पाणी ओता, वारा घाला आणि मग दवाखाना गाठा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता अडकते.

पावसात डबक्यांतून नेऊ नका. उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार पसरतो, त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. कानात आणि बोटांमध्ये गोचीड शोधा.

म्हातारपण

मोठ्या जाती सातव्या वर्षापासून, लहान जाती दहाव्याच्या आसपास म्हाताऱ्या धरा. फिरणं बंद करू नका, तुकडे करा: एका तासाऐवजी पंधरा-पंधरा मिनिटं तीन-चार वेळा, सपाट जागेवर. आठवडाभर घरात आणि रविवारी सिंहगड, हा प्रकार संधिवाताच्या कुत्र्याला पुढचे तीन दिवस भोगावा लागतो. घरातल्या गुळगुळीत फरशीवर त्याच्या नेहमीच्या वाटेवर रबरी पायपुसणी टाका, नखं कापलेली ठेवा. वजन वाढू देऊ नका. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत.

मागे रेंगाळणं, झोपेतून उठताना वेळ लागणं हे दुखण्याचं लक्षण आहे, नुसतं वय नव्हे. त्यावर घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. ती कुत्र्यांना विषारी ठरू शकतात. डॉक्टर कुत्र्यांसाठीची वेगळी वेदनाशामकं देतात. ती सुरू झाल्यावर तो पुन्हा उड्या मारायला लागेल, तरी लगेच चालणं वाढवू नका. दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं वाढवा.